विद्या : दान की देणे?

'विद्यादान' हा शब्द आपल्याकडे फार जुना आणि फार गोड. अन्नदान मोठे, वस्त्रदान मोठे, पण विद्यादान सर्वांत मोठे, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. आम्ही स्वतः काही वर्षे खेड्यातल्या शाळेत शिकवण्याचे काम केले. संध्याकाळी फळा पुसून, कुलूप लावून घरी निघालो की मनाला बरे वाटायचे. आज आपण चार पोरांना काहीतरी दिले, असे वाटायचे. त्या वेळी या समाधानात काही खोट आहे अशी शंकासुद्धा आली नाही.

आता ती शंका येते. दान म्हटले की देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा हात खाली, हे ठरूनच गेले. देणाऱ्याला पुण्य, घेणाऱ्याने उपकार स्मरावा. देणाऱ्याने थोडे दिले तरी चालते, उशिरा दिले तरी चालते, आणि कंटाळून मध्येच थांबला तरी त्याला कोणी जाब विचारीत नाही. कारण दान हे त्याच्या खुशीचे. पण समजा, जे आपण देतो ते मुळात घेणाऱ्याचेच होते आणि कोणीतरी पूर्वी ते त्याच्यापासून अडवून ठेवले होते, तर? मग त्याला दान कसे म्हणावे? ते तर देणे झाले. आपली मराठी भाषा मोठी चतुर. 'देणे' म्हणजे हाताने देणे, आणि 'देणे' म्हणजे डोक्यावरचे कर्जही.

शिकवणाऱ्याच्या हातून जे घडते ते दान की देणे, हा प्रश्न आम्हाला घरबसल्या सुचला नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर साउथ कॅरोलायना नावाचे राज्य आहे. त्याच्या लगतच्या समुद्रातील बेटांवर गरीब मुलांना शिकवायला कोण कोण गेले, त्याची हकीकत वाचताना हा प्रश्न मनात आला आणि मग सुटेना. इतक्या लांबची गोष्ट आपल्या मासिकात कशाला, असे कोणी म्हणेल. त्यांना आमचे सांगणे एवढेच की, शेजाऱ्याच्या अंगणातला केर आधी दिसतो आणि मग आपल्या अंगणाकडे लक्ष जाते. तेवढ्यासाठी वाचक सज्जनांनी थोडा वेळ आमच्याबरोबर त्या बेटांवर यावे.

ही बेटे म्हणजे कोकणच्या खाडीसारखाच मुलूख समजा. चहूकडे खाजण, चिखल, भरती-ओहोटी, कालवे आणि मासे. होडीवाचून जाणे नाही आणि भरतीवाचून होडी नाही. इंग्रज मळेवाल्यांनी आफ्रिकेतून माणसे पकडून आणलेली विकत घेतली आणि त्यांच्याकडून इथे तांदूळ, नीळ आणि लांब धाग्याचा उत्तम कापूस पिकवून घेतला. उन्हाळ्यात हिवतापाच्या भयाने मालक मंडळी बेटे सोडून शहरात जात. राहत ते गुलाम. अशी पिढ्यानपिढ्या वेगळी राहिल्यामुळे त्या लोकांची एक स्वतंत्र बोली तयार झाली. तिला गुल्ला म्हणतात. शब्द बरेचसे इंग्रजी, पण कित्येक शब्द आणि बोलण्याची घडण आफ्रिकेतली.

आता मुख्य गोष्ट ऐका. या लोकांना अक्षर येत नव्हते, ते बुद्धी कमी म्हणून नव्हे. त्यांना ते येऊ नये असा कायदाच होता. 1739 साली तिथे गुलामांनी बंड केले. ते मोडल्यावर 1740 साली त्या राज्याने कायदा केला की गुलामाला लिहायला शिकवील त्याला शंभर पौंड दंड. 1834 साली आणखी कडक कायदा झाला आणि वाचायला शिकवणे हाही गुन्हा ठरला. म्हणजे बघा, विहिरीला कुलूप लावायचे आणि मग म्हणायचे, 'या लोकांना तहानच नाही!' शंभर वर्षांहून अधिक काळ हे कुलूप राहिले. ज्या हातांनी कापूस वेचला त्या हातांना पाटीवर रेघ ओढायची बंदी. त्या कापसाचे कापड मात्र दूरदूरच्या देशांतल्या लोकांनी अंगभर घातले. तेव्हा त्या मुलांचे अज्ञान हे कोणाच्या खात्यावर मांडायचे? आमच्या मते ते त्यांच्या खात्यावर नाही. ज्यांनी अडवले, आणि ज्यांनी अडवणाऱ्यांच्या मळ्यातले कापड मुकाट्याने वापरले, त्या सर्वांच्या खात्यावर ते आहे.

1861 साली अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांच्यात यादवी युद्ध पेटले. 7 नोव्हेंबर 1861 रोजी उत्तरेच्या आरमाराने पोर्ट रॉयलची खाडी जिंकली. मळेवाले घरेदारे टाकून पळाले आणि सुमारे दहा हजार गुलाम मागे राहिले. पुढच्या वर्षी, 1862 च्या एप्रिलमध्ये फिलाडेल्फियाहून लॉरा टाउन नावाच्या बाई सेंट हेलेना बेटावर आल्या. त्यांना वैद्यकीचे ज्ञान होते. मागोमाग त्यांची मैत्रीण एलेन मरे आल्या. एका पळून गेलेल्या मालकाच्या घराच्या मागच्या खोलीत शाळा सुरू झाली. पहिले विद्यार्थी नऊ, आणि तेही प्रौढ. पुढे मुले इतकी आली की शाळा विटांच्या देवळात हलवावी लागली. ते देवळसुद्धा गुलामांनीच बांधलेले. याच शाळेचे नाव पुढे पेन शाळा पडले.

त्याच वर्षी ऑक्टोबरात शार्लट फोर्टन ही तरुण शिक्षिका आली. ती स्वतः काळ्या वंशाची, पण स्वतंत्र घराण्यात जन्मलेली आणि शिकलेली. तिने मुलांना नुसती अक्षरे सांगितली नाहीत, तर हैती बेटावर गुलामांना बंधमुक्त करणाऱ्या तूसाँ या वीराची गोष्ट सांगितली. तुमच्याच रंगाच्या माणसाने केवढे मोठे काम केले हे त्यांना कळावे, म्हणून. तिने 1864 साली एका मासिकात बेटावरचे अनुभव लिहिले. मुले शिकायला किती आतुर होती, शाळा त्यांना किती प्रिय होती, ते त्यात आहे. तहान नव्हती म्हणणाऱ्यांना हे परस्पर उत्तर मिळाले. मात्र प्रकृती ढासळल्यामुळे शार्लटबाईंना दीड वर्षातच परतावे लागले.

लॉराबाई परतल्या नाहीत. युद्ध संपले, उत्साहाने आलेली मंडळी एकेक करून गेली, वर्तमानपत्रांना दुसरे विषय मिळाले, देणग्या आटल्या. लॉराबाई राहिल्या. शिकवणे, औषधपाणी करणे, जमिनीच्या तंट्यात सल्ला देणे, हे सारे करीत 1901 साली त्याच बेटावर त्यांनी देह ठेवला. म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षे झाली. त्यांच्या शाळेत पुढे शिक्षक तयार करण्याचा वर्गही निघाला आणि बेटावरचीच मुलेमुली इतरांना शिकवू लागली.

इथे दानाचा आणि देण्याचा पहिला फरक आम्हाला दिसतो. दानाची वेळ दाता ठरवतो. देण्याची वेळ देणे फिटेपर्यंत असते. आरंभीच्या उमाळ्याने बेटावर जाणारे पुष्कळ असतात. उमाळा ओसरल्यावर जो उरतो त्याने ते काम दान म्हणून धरलेले नसते. लॉराबाईंनी आपल्या मनात याला काय नाव दिले होते ते आम्ही कशाला सांगावे? पण त्यांची चाळीस वर्षे 'देणे' याच शब्दात बसतात.

पण सज्जनहो, इथेच एक अवघड जागा आहे आणि ती झाकून पुढे जाणे बरे नाही. इतक्या निष्ठेने शिकवणाऱ्या त्या काळच्या शिक्षकांनासुद्धा मुलांची गुल्ला बोली म्हणजे मोडकेतोडके इंग्रजी वाटे. ती सुधारणे म्हणजेच शिक्षण, अशी समजूत. पुढे कित्येक वर्षे विद्वानही तेच म्हणत राहिले. शेवटी लोरेन्झो टर्नर या काळ्या वंशाच्या भाषापंडिताने बेटोबेटी हिंडून, म्हाताऱ्याकोताऱ्यांजवळ बसून शब्द गोळा केले आणि 1949 साली ग्रंथ छापून दाखवून दिले की या बोलीत आफ्रिकेतल्या भाषांचे हजारो शब्द आणि नावे शाबूत आहेत. ज्याला लोक बिघाड म्हणत होते तो वारसा निघाला! ज्या माणसांकडून घर, गाव, नाव सगळे हिरावून घेतले, त्यांनी आजीच्या तोंडून नातवाच्या कानात एवढे एक जपले होते, आणि शाळेत गुरुजी ते खोडत होते.

हे वाचताना आम्हाला आमचा एक जुना प्रसंग आठवला. तो सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. आमच्या वर्गात डोंगरपट्टीच्या एका पाड्यावरून एक मुलगा यायचा. नऊ-दहा वर्षांचा असेल. दोन ओढे ओलांडून यायचा. एके दिवशी आम्ही विचारले, "का रे, काल कुठं होतास?" तो उभा राहून म्हणाला, "गुर्जी, वड्याला पानी लई व्हतं." आम्ही सहज म्हणालो, "पानी नव्हे रे, पाणी. व्हतं नव्हे, होतं. म्हण बघू." वर्ग हसला. खरे सांगायचे तर आम्हीही हसलो. मुलाने मान खाली घातली. त्या दिवसापासून त्याने वर्गात तोंड उघडले नाही. चार महिन्यांनी येणेच बंद झाले. आम्ही हजेरीपटात त्याच्या नावापुढे गैरहजर लिहीत राहिलो. ओढ्याला पूर असताना एवढेसे पोर शाळेच्या ओढीने रोज येत होते, हे त्याच्या वाक्यात होते. आम्ही मात्र त्यातला 'ण' शोधीत बसलो.

प्रमाण भाषा शिकवू नये असे आमचे म्हणणे मुळीच नाही. कोर्टकचेरीत, बँकेत, पुढच्या शिक्षणात तिचे काम पडते आणि ती गरिबाच्या मुलाला आलीच पाहिजे. पण एक घर बांधून देताना पहिले घर पाडायलाच हवे का? संस्कृताच्या पेटीत बंद असलेले ज्ञान 1290 साली ज्ञानेश्वर माउलींनी लोकांच्या बोलीत आणले, त्या माउलींचे नाव घेणारे आपण. आपण तरी कोणाच्या बोलीला हसू नये. गुल्ला लोकांच्या बाबतीतही अखेर हे घडले. 2005 साली त्यांच्या बोलीत ख्रिस्ती धर्मग्रंथाचा नवा करार छापून प्रसिद्ध झाला. जी बोली वर्गात चूक ठरत होती, तीत देवाचे वचन वाचता येऊ लागले.

आता दुसऱ्या बेटाकडे वळू. चार्ल्सटन शहराजवळ जॉन्स बेट आहे. 1916 साली सेप्टिमा नावाची अठरा वर्षांची काळी मुलगी तिथे शिक्षिका म्हणून गेली. पुढे त्या सेप्टिमा क्लार्क या नावाने प्रसिद्ध झाल्या. त्यांचे वडील गुलामगिरीत जन्मलेले. चार्ल्सटन शहराच्या सरकारी शाळांत तेव्हा काळ्या मुलांनासुद्धा शिकवायला काळे शिक्षक घेत नसत, म्हणून त्यांना होडीने बेट गाठावे लागले. शाळा कसली, फटी पडलेल्या फळ्यांची खोली आणि एका टोकाला चूल. मुले 132 आणि शिक्षिका दोन. दोघींना मिळून महिना 60 डॉलर. समोरच गोऱ्या मुलांची शाळा होती. तिथे मुले तीन, आणि एकट्या शिक्षिकेला 85 डॉलर. हा हिशेब एकदा नीट डोळ्यांपुढे आणा. बेटावरचे अज्ञान कसे पिकवले जात होते ते वेगळे सांगायला नको.

पुस्तके नव्हती. फळाही नव्हता. सेप्टिमाबाईंनी काय केले? धुलाईच्या दुकानातून येणाऱ्या कागदी पिशव्या फाडून त्यांवर मोठ्या अक्षरांत लिहिले. काय लिहिले? मुलांनीच सांगितलेल्या गोष्टी. शाळेला येताना वाटेत काय दिसते, आजूबाजूला काय उगवते, आभाळात काय दिसते, ते. मूल आपलेच बोलणे कागदावर पाही आणि वाचू लागे. आमच्या वर्गात ओढ्याच्या पाण्याचे वाक्य आले तेव्हा आम्ही ते पुसले. सेप्टिमाबाईंच्या वर्गात आले असते तर ते त्या दिवसाचा धडा झाले असते. इतकाच फरक, पण तो सगळाच फरक.

चाळीस वर्षे शिकवून झाल्यावर 1956 साली राज्याने नियम केला की सरकारी नोकराने काळ्या लोकांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या संस्थेचे सभासद असू नये. सेप्टिमाबाईंनी सभासदत्व लपवले नाही. नोकरी गेली, निवृत्तिवेतनही गेले. ते वेतन परत मिळायला वीस वर्षे लागली. पण शिकवणे हे ज्याला नोकरी वाटत नाही त्याची शाळा सुटत नाही. जॉन्स बेटावर एसॉ जेन्किन्स नावाचे गृहस्थ आपल्या बसमधून बेटावरच्या मजुरांना शहरात कामाला नेत. तिथे मत देण्यासाठी राज्यघटनेतला उतारा वाचून दाखवावा लागे. बसमधल्या एका बाईने म्हटले, मला वाचता येत नाही, पण मला मत द्यायचे आहे, शिकवाल का? जेन्किन्स येताजाता बसमध्येच शिकवू लागले. मग 1957 च्या जानेवारीत बेटावरच्या लोकांच्या सहकारी दुकानाच्या मागच्या खोलीत रात्रीची शाळा सुरू झाली. पुढे किराणा, मागे शाळा. गोऱ्या लोकांच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून ही युक्ती.

शिकवायला कोण? बर्निस रॉबिन्सन. या बाई केस विंचरण्याचे दुकान चालवीत आणि शिवणकाम करीत. आपण शिक्षिका नाही असे त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. सेप्टिमाबाई म्हणत, म्हणूनच तुम्ही हव्यात. पहिल्या रात्री चौदा प्रौढ आले. बर्निसबाईंनी बालवर्गाची पुस्तके आणली होती. ती पाहताच त्यांच्या लक्षात आले की ही या माणसांना शोभत नाहीत. त्यांनी पुस्तके बाजूला ठेवली आणि सरळ विचारले, तुम्हाला काय शिकायचे आहे? कोणी म्हणाले, सही. कोणी म्हणाले, मनीऑर्डर भरायला. कोणाला बायबल वाचायचे होते, कोणाला मत द्यायला लागणारा घटनेचा उतारा. त्याप्रमाणे अभ्यास ठरला. हीच रीत पुढे दक्षिणेतल्या राज्याराज्यांतून शेकडो ठिकाणी गेली. जे शिकले तेच पुढच्यांना शिकवू लागले. 1965 च्या कायद्याने मतासाठी वाचनाची अट बाजूला केली, त्यामागे अशा अनेक खोल्यांतली रात्रीची दिवाबत्ती आहे.

'तुम्हाला काय शिकायचे आहे?' हा प्रश्न दाता विचारीत नाही. दाता आपल्याजवळ काय जादा आहे ते पाहतो आणि ते देतो. देणेकरी मात्र विचारतो, तुमचे काय निघते? हा दानाचा आणि देण्याचा दुसरा फरक.

तिसरी हकीकत सर्वांत जवळच्या काळातली आणि आम्हाला सर्वांत बेचैन करणारी आहे. डफस्की नावाचे बेट आहे. त्याला आजही पूल नाही. तिथले लोक कालवांच्या धंद्यावर जगत. 1950 च्या दशकात नदीतून आलेल्या घाणीने कालवे दूषित झाले, धंदा बसला आणि बरीच मंडळी बेट सोडून गेली. 1969 साली पॅट कॉनरॉय नावाचे तेवीस वर्षांचे गोरे मास्तर तिथल्या दोन खोल्यांच्या शाळेत आले. पाचवी ते आठवीची मिळून अठरा मुले. कॉनरॉय यांनी 1972 साली पुस्तक लिहून सांगितले की त्या मुलांपैकी काहींना अक्षरमालाही येत नव्हती आणि आपला देश कोणता हेही ठाऊक नव्हते. चहूकडे पाणी, पण पोहता येत नव्हते. आणि ही मुले तोपर्यंत वर्षानुवर्षे सरकारी शाळेत बसत होती! कायद्याचे कुलूप जाऊन शंभर वर्षे झाली होती, पण दार उघडले नव्हते.

मुलांना मास्तरांचे नाव नीट म्हणता येईना. ती 'कॉनरॅक' म्हणू लागली. मास्तरांनी तेच नाव आनंदाने घेतले. गाणी ऐकवली, नकाशे दाखवले, मुलांना पाण्यापलीकडची गावे पाहायला नेले, थेट राजधानी वॉशिंग्टनपर्यंत नेले. छडी लावायला नकार दिला. आपणही लहानपणी काळ्या लोकांविषयी वाईट समज बाळगून वाढलो, हेही त्यांनी पुस्तकात मोकळेपणाने कबूल केले. म्हणजे मुलांना नकाशा ठाऊक नव्हता आणि मास्तरांना माणसे ठाऊक नव्हती. दोघांची शाळा एकदमच भरली.

पण वरिष्ठांशी त्यांचे जमले नाही. होडीच्या तेलाच्या खर्चावरून, शिकवण्याच्या रीतीवरून खटके उडाले. मास्तर तरुण आणि तापट. 1970 साली आज्ञाभंगाचा ठपका ठेवून त्यांना काढून टाकले. ते कोर्टात गेले आणि हरले. पुढे त्यांच्या पुस्तकावर 1974 साली चित्रपट निघाला. मास्तर मोठे लेखक झाले. 2016 साली ते वारले.

आता प्रश्न असा. मास्तरांनी भांडावे की गप्प बसून शिकवत राहावे? कोणी म्हणेल, अन्यायापुढे मान वाकवून शिकवलेले शिक्षण तरी काय कामाचे? मुले शिक्षकाच्या पाठीचा कणा पाहूनच शिकतात. दुसरा म्हणेल, तुमचा कणा ताठ राहिला, पण अठरा मुलांचा मास्तर गेला त्याचे काय? बाजू दोन्ही खऱ्या आहेत. आम्ही पुष्कळ विचार केला आणि आम्हाला वाटते, भांडणाचे बरेवाईट भांडणात नसते. ते कोणासाठी भांडलो यात असते. सेप्टिमाबाईंनीही वरिष्ठांचे ऐकले नाही आणि नोकरी घालवली. पण त्यांचे काम त्यांच्या नोकरीवर उभे नव्हते. ते बर्निसबाईंच्या हाती गेले, बर्निसबाईंकडून बेटाच्या लोकांच्या हाती गेले. कॉनरॉय मास्तरांचे काम एकट्या मास्तरांच्या अंगावर उभे होते. ते गेले तेव्हा ते कामही गेले. मुलांच्या जगण्यात आपण फारसा पालट करू शकलो नाही, हे त्यांनी स्वतःच प्रांजळपणे लिहून ठेवले. आम्ही त्यांना दोष देत नाही. अठरा मुलांची हकीकत जगाला कळली ती त्यांच्यामुळेच. पण हिशेब करताना हेही मांडावे लागते की पुस्तक मास्तरांना मिळाले आणि मुले बेटावरच राहिली.

म्हणून तिसरा फरक असा. दाता जातो तेव्हा दान थांबते. देणे ज्याचे त्याच्या हाती पोचले की त्याला देणाऱ्याची गरज उरत नाही. मग तो आपल्या पुढच्याला देऊ लागतो. शिक्षक बेटावरून गेल्यावर बेटावर शिक्षक उरला का, हीच त्याची परीक्षा.

यावर एक आक्षेप येईल. 'अहो, देणे म्हटले की फेडले आणि मोकळे झालो, असे होते. त्यात जिव्हाळा कुठला? दानात निदान प्रेम तरी असते.' आक्षेप खोटा नाही. सावकाराचे कर्ज माणूस कपाळाला आठ्या घालूनच फेडतो. पण सगळीच ऋणे सावकाराची नसतात. आपल्या पूर्वजांनी माणूस जन्मतःच ऋणी मानला आहे. देवांचे ऋण, पितरांचे ऋण आणि ऋषींचे ऋण. त्यांतले ऋषिऋण फिटते ते शिकून आणि शिकवून. म्हणजे विद्येला 'दान' म्हणणाऱ्या आपल्याच परंपरेने विद्येला 'ऋण' असेही म्हटले आहे. आईचे ऋण फेडताना कोणी कपाळाला आठ्या घालतो का? ते फेडण्यातच गोडी असते आणि ते कधी संपू नये असेच वाटते. शिकवणाऱ्याचे देणे या जातीचे आहे. प्रेम त्यात दानापेक्षा कमी नाही. अहंकार मात्र कमी असतो, कारण देणेकऱ्याला छाती काढून चालता येत नाही.

त्या बेटांतल्या हिल्टन हेड नावाच्या बेटावर 1956 साली पूल आला आणि पुलावरून पैसेवाले लोक आले. हौसेची घरे, खेळाची मैदाने, पहारेकरी बसवलेली फाटके झाली. स्वातंत्र्य मिळाल्यावर पैपै साठवून ज्यांनी जमिनी घेतल्या होत्या त्यांच्या वंशजांपैकी अनेकांच्या जमिनी कागदपत्रांच्या, वाटण्यांच्या आणि कराच्या घोळात गेल्या. कागद वाचता येणे म्हणजे काय, हे अशा वेळी कळते. अक्षर ही शोभेची वस्तू नाही. ते राहत्या घराचे दार असते आणि ज्याच्या हाती नसते त्याच्या घरात दुसरा शिरतो. म्हणून हे देणे उद्यावर टाकण्यासारखे नाही.

असो. आम्ही बेटांवरून आता परत येतो. प्रत्येक बेटाला समुद्रच असावा लागतो असे नाही. गावाबाहेरचा पाडा, ओढ्यापलीकडची वस्ती, उसाच्या फडातली कोपी, वीटभट्टीच्या आडोशाची झोपडी, हीही बेटेच. तिथल्या मुलांना काही शिकवायला आपण जाल तेव्हा, हात जोडून विनंती, मनात दान घेऊन जाऊ नका. आधी त्यांचे ऐका. त्यांच्या बोलीला हसू नका. तुम्हाला काय शिकायचे आहे, हे विचारा. आणि आपण नसताना तिथे कोण शिकवील याची पहिल्या दिवसापासून तजवीज करा.

आम्हाला हे सारे उशिरा कळले. डोंगरपट्टीचा तो मुलगा आता मोठा झाला असेल, कुठे असेल, ठाऊक नाही. त्याला भेटून क्षमा मागावी असे पुष्कळदा मनात येते. पण क्षमा मागितल्याने ओढ्याच्या पाण्यातून केलेली ती खेप भरून निघत नाही. हजेरीपटात आम्ही त्याला गैरहजर लिहिले. खरे म्हणजे त्या दिवशी वर्गात आम्ही गैरहजर होतो. त्याचे देणे आमच्याकडे अजून बाकी आहे. ते आता दुसऱ्या कोणा मुलाच्या हाती पोचते करायचे, एवढेच आमच्या हाती उरले आहे.